गेनबाची गोळी

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा गिरणीवाला होता. भोळा म्हणजे किती? "डोळ्यात तेल घालून दळ रे," असं कुणी म्हणालं, तर हा डोळे चोळत दोन दिवस घरी बसला होता. करडईचं तेल होतं.

एकदा त्याचा चुलतभाऊ म्हादू तोंडाच्या कॅन्सरनं गेला. गेनबा फार घाबरला. दोघांनी जन्मभर एकाच चंचीतला तंबाखू मळला होता. त्याला जेवण जाईना.

आठवड्याच्या बाजारात एकजण कर्णा लावून ओरडत होता, "सेलेनियमची गोळी! घरात गोळी, कॅन्सर वेशीबाहेर!"

गेनबानं बाटली घेतली. एक गोळी कोनाड्यात ठेवली आणि दार सताड उघडं टाकून बसला. संध्याकाळी बायको, सगुणा, शेतातून आली, तर कुत्रं सगळ्या भाकरी घेऊन पळालेलं.

"अहो, दार का उघडं?"

"कॅन्सरला जायला वाट नको का?"

सगुणानं कपाळावर हात मारला. "गोळी कोनाड्यात ठेवून काय होतंय? पोटात गेली पाहिजे, पोटात!"

गेनबाला पटलं. बाटलीवर लिहिलं होतं, 'रोज एक.' पण गेनबाचं वय बावन्न. आजवरचे एवढे रोज राहून गेले, ते कधी भरून काढायचे? त्यानं रोज सहा घ्यायला सुरुवात केली; बाटली संपली की बाजारातून दुसरी.

दोन महिन्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. नखं खडूसारखी तुटायला लागली. तोंडाला लसणाचा वास यायला लागला. सगुणा म्हणाली, "मी तर आठवडाभर लसूण सोललेलाच नाही!" आणि त्याला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर मोकाशीबाईंनी बाटली पाहिली. "गेनबा, ह्या गोळ्या हजारो माणसांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्यात. त्यानं कॅन्सर टळतो असं काही दिसलं नाही. जास्त झाल्या की मात्र केस जातात, नखं जातात, तोंडाला वास येतो. गोळ्या बंद करा."

पंधरा दिवसांनी गेनबा आला. डोकं पार गुळगुळीत.

"गोळ्या बंद केल्या ना?"

"केल्या की. पेटीत कुलपात बंद. रोज सहा काढतो, लगेच पुन्हा बंद करतो."

बाई म्हणाल्या, "अहो, घ्यायच्याच नाहीत! आणि यापुढं मला विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच गेनबा पायरीवर बसलेला. रात्रीपासून उपाशी.

"बाई, भाकरी खाऊ का? अन् बरोबर पिठलं?"

"खा हो, खा! शरीराला लागतं तेवढं सेलेनियम आपल्या साध्या जेवणातूनच मिळतं."

घरी जाऊन गेनबानं भाकरी उजेडाकडं धरली. अशी धरली, तशी धरली. सेलेनियम काही दिसेना. भाकरी गार झाली, पिठल्यावर साय धरली. सगुणा रडकुंडीला आली. "एवढं कशाला करताय हो?"

"म्हादूदादाला शेवटी पाणीसुद्धा गिळता येईना, सगुणे. मी पाहिलंय. मला भ्या वाटतं."

सगुणानं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. सकाळी ती स्वतःच त्याला बाईंकडं घेऊन गेली.

म्हादूचं ऐकून बाईही हळव्या झाल्या. म्हणाल्या, "गेनबा, गोळीचा नाद नको. खरंच कॅन्सर टाळायचा असेल, तर सांगते ते नीट ऐका. तंबाखू सोडा."

"एवढंच?"

"एवढंच. आजपासूनच."

गेनबा उड्या मारत दुकानात गेला. त्यानं तंबाखूची पुडी घेतली, गोटीसोड्याच्या सहा बाटल्या घेतल्या. एकट्यानं वाचून काय करायचं? पारावर तंबाखू मळत बसलेल्या पाचजणांना त्यानं बोलावलं, घागरीत पुडी आणि सोडा एकत्र ढवळला आणि पेले भरले.

"प्या. डॉक्टरबाईंचं औषध आहे. तंबाखू सोडा."

बाईंचं नाव ऐकून सगळ्यांनी डोळे मिटून एक घोट घेतला. दुसरा घोट कुणालाच घेता आला नाही. बाई धावत आल्या, तेव्हा सहाजण पाराला धरून ओळीनं ओकत होते.

बाईंनी एकेकाची नाडी पाहिली, पाणी पाजलं, सावलीत झोपवलं. दुपारपर्यंत सगळे उठून बसले.

"आता तंबाखू खाल?" बाईंनी विचारलं.

"नाव काढू नका, बाई!" सहाही जण ओरडले. एकाला तर नुसत्या आठवणीनंच पुन्हा उबळ आली.

बाईंना वाटलं, लोखंड तापलेलं आहे, तर दुसरं कामही उरकून टाकावं. त्या म्हणाल्या, "छान. मग आणखी एक सांगते. तेवढं केलंत तर कॅन्सरचा धोका आणखी कमी होईल. दारू सोडा."

आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला गेनबा उठला आणि बाईंच्या पायाच पडला.

"जमेल ना?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"न जमायला काय झालं!" गेनबा रिकामी घागर उचलत म्हणाला. "फक्त एवढं सांगा बाई, जेवणाआधी घ्यायचा की जेवणानंतर?"