मिठाचा दगड आणि कोल्ह्याची ठाणेदारी

मुलांनो, उत्तरेला जिथे जंगल संपते आणि बर्फाचे डोंगर सुरू होतात, तिथल्या एका दरीत एक कोल्हा आणि एक साळिंदर शेजारी शेजारी राहत असत. साळिंदर व्यापार करी. दरीच्या वरच्या अंगाला एक सपाट दगड होता. खाऱ्या तळ्याकाठचे मीठ त्यावर ठेवायचे आणि मागे वळून न बघता टेकडीआड जायचे, ही साळिंदराची रीत. मग कड्यावरचे रानबकरे खाली उतरत, मीठ चाटत आणि आपली गळालेली मऊ लोकर दगडावर ठेवून निघून जात. दोघांनी एकमेकांचे तोंडही कधी पाहिले नव्हते. दगडाजवळ कुणी थांबायचे नाही, एवढा एकच नियम होता आणि तो आज्या-पणज्यांपासून चालत आला होता.

लोकर काट्यांना अडकवून साळिंदर घरी निघाले की थेट मेंढीसारखे दिसे. थंडीआधी दरीतले ससे, उंदीर, मुंगसे त्याच्याकडून बिळात अंथरायला लोकर नेत. बदल्यात कुणी बोरे देई, कुणी कंद. कोल्ह्यालाही त्याचा वाटा मिळे. त्याचे बीळ चांगले उबदार होते, पण त्या उबेत त्याला झोप येत नसे. "त्या काटेरी बोचक्यात असं काय आहे? मीठ ठेवतं आणि पळतं! आणि जो तो रामराम करतो त्यालाच! स्वतःच्या बिळात तर राशी लपवल्या असतील," असे म्हणत तो रात्रंदिवस जळफळत असे.

शेवटी न राहवून तो दक्षिणेच्या सिंहाकडे गेला. त्या सिंहाचे राज्य वरचेवर वाढतच होते. "महाराज," कोल्हा म्हणाला, "उत्तरेला लोकरीचे ढीग पडलेत आणि एक साळिंदर एकटंच ते गिळतंय. आपलं तर नावसुद्धा तिथं कुणी घेत नाही." हे शेवटचे वाक्य सिंहाला चांगलेच झोंबले. त्याने लांडग्यांची फौज दिली आणि म्हणाला, "आजपासून तू तिथला ठाणेदार. थंडी पडायच्या आत माझ्या गुहेसाठी लोकरीची गादी भरून पाठव."

लांडग्यांनी दगडाशेजारीच चौकी बसवली आणि ठाणेदार तर दगडावरच चढून बसले! मीठ घेऊन आलेले साळिंदर हात जोडून म्हणाले, "ठाणेदारसाहेब, लोकर हवी तेवढी न्या. पण इथं बसू नका. कुणी बसलेलं दिसलं की रानबकरे उतरत नाहीत."

"म्हणजे मी पाठ फिरवायची आणि तू माल पळवायचास?" कोल्हा खेकसला. ज्याचा मत्सर वाटतो त्याचे खरे बोलणेही आपल्याला खोटेच वाटते, तसे त्याचे झाले. बकऱ्यांनी कड्यावरून लांडगे पाहिले, कोल्हा पाहिला आणि ते डोंगरापलीकडे निघून गेले. मीठ दवात विरघळून गेले.

बर्फ पडले. गादीसाठी सिंहाचा निरोप आला आणि लांडगे कोल्ह्याकडे बघू लागले. "साळिंदराच्या बिळात बघा! तिथंच आहे सगळी!" कोल्हा ओरडला. लांडग्यांनी बीळ उकरले. आत वाळले गवत आणि गेल्या वर्षीची मूठभर लोकर, एवढेच निघाले. साळिंदराने बाकी सगळी दरीभर वाटून टाकली होती. इतकी वर्षे कोल्हा ज्या राशींवर जळत होता, त्या नव्हत्याच. मग लांडग्यांनी कोल्ह्याचे बीळ उकरले आणि त्याची सगळी लोकर बाहेर ओढली. तरीही गादी भरेना, म्हणून त्याच्या झुपकेदार शेपटीचे केसही उपटले.

सकाळी साळिंदर पाठीवर मीठ घेऊन बकऱ्यांच्या शोधात डोंगरापलीकडे निघाले. दरीतले सगळे प्राणी त्याच्या मागोमाग चालू लागले. उघड्या शेपटीने कुडकुडत कोल्हा धावला. "थांबा रे! मीही येतो!"

लांडग्याने त्याची वाट अडवली. "साहेब, तुम्ही कुठं निघालात? ठाणेदाराला ठाणं सोडता येत नाही."

तात्पर्य : शेजाऱ्याच्या मत्सरापायी जो बलवानाला दाराशी बोलावतो, त्याच्या स्वतःच्या दारालाही मग कडी उरत नाही.