चिमाक्काची चूळ

फार मागची गोष्ट. हिवरतळच्या देवीचं देऊळ तेव्हा गवतानं शाकारलेलं होतं. देवीची पालखी सनईशिवाय उठायची नाही आणि सनई तुळाजी गुरवाशिवाय दुसऱ्या कुणाला यायची नाही. तो वाजवायला लागला की विहिरीचं पाणी वर येऊन ऐकायचं, असं म्हणतात.

एके वर्षी सुगी आटोपली, जत्रा जवळ आली आणि तुळाजीचे पुढचे दात हलायला लागले. सनईची पात ओठांत धरायची तर मागं दात घट्ट हवेत. तुळाजीला काही उमगेना. दात पांढरे, कीड नाही, ठणका नाही, मग हलतात कशानं? हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्यानं दात घासायचंच सोडलं होतं. बायको म्हणाली, मिश्री लावा. लावली, रक्त थांबलं, दात आणखी हलले. वैदू म्हणाला, सगळे उपट. देवीला कौल लावला, तर होकाराचं फूल आणि नकाराचं फूल एकदमच पडलं! आता करावं काय माणसानं?

शेवटी तो चिमाक्का तांबटणीकडं गेला. ही बाई भांडी घडवायची आणि गावाचे दातही बघायची. जिभेची तिखट. तिनं त्याला दारातल्या दगडावर उन्हाकडं तोंड करून बसवलं, ओठ वर उचलला.

"दाताला काय दोष देतोस, गुरवा? दात धडधाकट आहे. त्याच्याखालची जमीन खचलीय."

"कसली जमीन?"

"हिरडी रे! दाताच्या बुडाला किटण साचलंय, त्याच्याआड ती सडतीय. आणि तू वरनं मिश्रीनं सारवतोस."

"पण घासलं की रक्त येतं, आक्का."

"येतं तिथंच घासायचं. हात काळे होतात म्हणून भांडं खरकटंच ठेवतोस काय?"

तिनं बारीक सळईनं किटण खरवडलं. ते इतकं निघालं की ओढ्यात टाकल्यावर त्याचा खडक झाला, असं म्हणतात. हसू नका. तुमच्या तोंडातलं कुणी साठवून बघितलंय?

तुळाजीनं घरी जाऊन जीभ फिरवली, तर दातांत फटी! वारा आरपार. तो तसाच उलट्या पावली पळत आला. "बुडवलंस मला, आक्का!"

"फटी होत्याच. किटणानं बुजल्या होत्या. मिठाच्या पाण्यानं चूळ भर, बाभळीची काडी चावून मऊ कर आणि हिरडीच्या कडेनं फिरव. मिश्री उकिरड्यावर टाक. हे रोज. चुकलास तर माझ्या दारात येऊ नको."

हे औषध की शिक्षा, तुळाजीला कळेना. रक्त आलं, तो घासत राहिला. कमी झालं, तरी घासत राहिला. जत्रेच्या सकाळी भीत भीत त्यानं पात ओठांत धरली. दात जागचे हलले नाहीत. पण फटींतून वारा निसटला आणि सुरामागं आणखी एक बारीक सूर निघाला. दुसरं कोण वाजवतंय म्हणून लोक मागं बघायला लागले. वाजवता वाजवता तुळाजीही मागं बघत होता! तेवढ्यात पालखी कुणी न उचलता खांद्यांवर चढली, असं म्हणतात.

पुढं चिमाक्का गेली, तिच्या दारातला दगड राहिला. आजही जत्रेला आधी गुरव आणि मग सारं गाव त्या दगडावर मिठाच्या पाण्याची चूळ टाकतं. हार नाही, नारळ नाही. ज्याची चूळ लाल पडते, त्याला कुणी हसत नाही. कुणीतरी म्हातारी त्याच्या हातात बाभळीची काडी देते आणि चिमाक्काच्याच तोऱ्यात खेकसते, "येतं तिथंच घास!"