वेशीबाहेरचे तीन दिवस

"मग बरोबर कोण, दाजी? न्यूझीलंड की स्वीडन?"

विचारणारा विश्राम मुणगेकर. पुण्यात प्राध्यापक. महामारीत नऊ देशांनी कसे निर्बंध घातले, यावर जाडजूड पुस्तक लिहून बसलेला. माणूस हुशार, आणि आपल्या हुशारीवर भारी खूश.

दाजी घाडी ऐंशीचे. गावाच्या वतीनं देवाला कौल लावणारे.

गावपळण चालू होती. देवाच्या हुकमानं अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपींत राहायला आला होता. आत चिटपाखरू नाही. तीन दिवस कुणी आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम.

"न्यूझीलंडनं दारं लावून घेतली. स्वीडननं लहान मुलांच्या शाळासुद्धा चालू ठेवल्या..."

"आणि तू काय केलंस रे?"



"मी नियम पाळला. आई इथं आजारी होती, पण जिल्ह्याची हद्द बंद. पास मागितला असता तर मिळालाही असता. नाही मागितला... बरोबरच केलं ना मी?"

खरं सांगायचं तर एवढंच ऐकायला तो आला होता. नऊ देश आपले निमित्ताला.

"दाजी, ती गेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

दाजी गावाकडे बघत राहिले.

भर दुपार होती. रिकाम्या गावात कुणीतरी खोकलं.

"आत कोण आहे?"

"कोण नाय. सगळी हयच आसत."

पुन्हा खोकला. कोरडा, दमलेला, शेवटी बारीकसं कण्हणं. विश्राम ताडकन उठला. त्या दिवसांत फोनवर रोज त्यानं हाच खोकला ऐकला होता.

"आई आहे ती..."

दाजी उठले आणि वाटेतून बाजूला झाले.

"जा."

विश्राम वेशीच्या दगडापर्यंत धावला. आतला खोकला थांबला. कुणी कान देऊन बसावं, तसं सगळं शांत झालं. त्यानं पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला, आणि मग हळूच मागे आला. भीती वाटली त्याला, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

"तीन दिवस आत जायचं नाही ना, दाजी? नियम आहे ना..."

दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिच्या दारासमोर उभे ऱ्हवान, तेव्हा आमी पण असाच म्हटला."