थोरलीचे बुडबुडे

गोष्ट फार जुनी नाही, पण घरात आता कुणाला नीट आठवत नाही इतकी मागची आहे. स्वयंपाकघराच्या फळीवर एका नळीत दोन फसफसणाऱ्या गोळ्या राहत होत्या, थोरली आणि धाकटी. नेहमीसारखी सकाळ होती. दूध तापत होतं आणि जागेवरून दोघींचं भांडण चाललं होतं. तेवढ्यात चमचेदादा निरोप घेऊन आले, "आजोबांचं पोट बिघडलंय. थोरले, तुला बोलावलंय."

झाकण उघडलं. "येते गं," थोरली म्हणाली. धाकटी रुसून तोंड फिरवून बसली होती.

मग पेल्यातून फस्सकन आवाज आला. धाकटीनं डोकावून पाहिलं, तर पाण्यात नुसते बुडबुडे. ते वर येत आणि फुटत. थोड्या वेळानं पाणी शांत झालं.

"पेलेकाका, ताई कुठाय?"

"माझ्याकडे तर पाणीच दिसतंय गं," पेला गोंधळून म्हणाला. "तळाशीही पाहिलं."

"तिचा वायू झाला, वेडे. हवेत गेली," चमचेदादा म्हणाले.

"हवेत म्हणजे कुठं? 'येते' म्हणाली होती ना?"

आजोबांनी पेला रिकामा केला, मोठा ढेकर दिला आणि म्हणाले, "आता बरं वाटलं." आपल्याला काय वाटायला हवं, हे धाकटीला कळेना.

नळीत आता ऐसपैस जागा होती, तरी ती अंग चोरूनच बसली. 'येते' म्हणणाऱ्याला 'ये' म्हणायचं असतं. ते तिचं म्हणायचं राहून गेलं.