मानाची मेमरी

एका डोंगराळ जंगलात एक अस्वलीण राहत असे. कामाला वाघ, पण सिंहमहाराजांचं नाव निघालं की तिची बोबडी वळे. जंगलासाठी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या कामाचा मोठा संगणक, निवडायचं काम तिच्याकडे आलं. एकाच यंत्राच्या पोटात तीन आभासी यंत्रं चालवायची होती: दरबाराचं, दवाखान्याचं आणि टिटवीच्या वणव्याच्या भोंग्याचं. बाईंनी प्रोसेसर घेतला तगडा, डबा घेतला चकचकीत, मेमरी, म्हणजे चालू कामाची माहिती मांडायची जागा, मात्र बेताचीच. आणि तीही वाटली मानाप्रमाणे! दरबाराला निम्म्याहून जास्त, दवाखान्याला थोडी, टिटवीला उरलीसुरली. दरबाराच्या यंत्रात होतं काय, तर महाराजांचे आयाळ विंचरतानाचे फोटो!

टिटवी कळवळून म्हणाली, “ताई, वणवा लागला की डोंगरभरचे कॅमेरे मला एकदम चित्रं पाठवणार. एवढ्याशा मेमरीत ती मावणार कशी?”

“वणवा काय रोज लागतो?” अस्वलीण म्हणाली. “महाराजांना कमी दिली तर माझी धडगत नाही!”

मुलांनो, वणवा कुणाला विचारून येत नाही. उन्हाळ्यात एका दुपारी गवत पेटलं. सगळे कॅमेरे एकदम जागे झाले आणि टिटवीचं यंत्र जागच्या जागी थिजलं. भोंगा वाजेना! नदीवर पाणी प्यायला आलेली हरिणी धावत आली. “अगं, माझी पाडसं डोंगरापलीकडे गवतात निजलीत! वाजव ना भोंगा!” ती रडू लागली.

अस्वलीण तडक सिंहापुढे गेली. “महाराज, दरबाराचं यंत्र बंद केलं, तर मेमरी मोकळी होईल…”

“मग विचारत काय बसलीस? कर बंद!”

“पण आपला मान…”

“अगं वेडे, मी कधी मागितली होती एवढी मेमरी?”

दरबाराचं यंत्र बंद झालं, त्याची मेमरी टिटवीच्या यंत्राला मिळाली आणि डोंगर दणाणून भोंगा वाजला. पाडसं दचकून उठली ती धावत थेट नदीत! संध्याकाळी ओली पाडसं आईला बिलगली, तेव्हा कुठे अस्वलिणीचा जीव भांड्यात पडला. हुश्श! दुसऱ्याच दिवशी ती घरोघर विचारत निघाली, “तुमचा सगळ्यात धावपळीचा दिवस कसा असतो हो?” ते सगळे दिवस एकदम आले तरी पुरेल एवढी मेमरी तिने आणून बसवली.

तात्पर्य : मानपान पंगतीत शोभतो, मेमरी घ्यावी कठीण दिवस ओळखून आणि वाटावी काम बघून.