सगुणाबाईंची टोपली

भक्तहो, सखाहरी महाराज ज्या गावात सर्वांत जास्त काळ राहिले ते बोरदरा. डोंगराला टेकून बसलेले साठ-सत्तर उंबऱ्यांचे गाव. जमीन मुरमाड, पाणी बेताचे. महाराज भैरोबाच्या देवळात उतरले आणि आठ दिवसांत त्यांनी गावाला एक सवय लावून दिली. देवळाच्या ओवरीत त्यांनी एक कणगी ठेवली, पुढे तरटाचा पडदा सोडला आणि सांगितले, "ज्याच्या घरी आहे त्याने रोज मूठभर ज्वारी इथे घालावी. ज्याच्या घरी नाही त्याने लागेल तेवढी न्यावी. मात्र टोपली जाताना झाकलेली आणि येतानाही झाकलेली. आत एका वेळी एकच माणूस."

झाले! सकाळ उजाडली की गाव देवळाकडे निघे. पदराखाली, उपरण्याखाली टोपल्या. कोण घालून आला आणि कोण घेऊन आला, हे एका भैरोबालाच ठाऊक. पोर गेलेली, डोळे गेलेली म्हातारी माणसे त्या कणगीवर जगत होती. शाळेच्या मुली पाटी काखेत धरून आत शिरत आणि तिथल्या मडक्यातले फुटाणे ओच्यात घेऊन पळत.

या ओवरीची राखण गिरजाबाई करी. ही एक विधवा बाई, लोकांची दळणे दळून पोट भरणारी. ओवरी झाडावी, दाण्याला कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालावा आणि पडद्याकडे पाठ करून बसावे, एवढेच तिचे काम. चार वर्षांत तिने एकदाही मान वळवली नाही.

गावात मल्हारराव जगदाळे हे मोठे घर. माणूस वाईट नव्हता हो, पण आपण चांगले आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. धान्याच्या कोठीची किल्ली सदा त्याच्या कमरेला. कोणी दाणा मागितला की तो देई, पण आधी विचारी : कशाला, कोणासाठी, काल नेलेले कुठे गेले? आणि विचारी तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात. यालाच तो शिस्त म्हणे.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. घालणारे हात कमी झाले, नेणारे वाढले आणि कणगीचा तळ दिसू लागला. मल्हारराव एके सकाळी देवळात आला. पडदा बाजूला सारून त्याने आत डोकावले आणि हसला.

"गिरजे, उंदीर दोन पायांचा दिसतोय. राखणीला तूच बसतीस न्हवं?"

गिरजाबाई झाडत राहिली.

"माझी आई वर्षामागं गेली. शेवटपर्यंत रोज इथं भरली टोपली घेऊन येत होती. सगळ्या गावानं बघितलंय. जगदाळ्यांच्या दाण्यावर ही कणगी चालली, आणि ती असल्या चोराचिलटांनी रिकामी करावी?"

गिरजाबाईने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. तिची केरसुणी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"उद्या दोन पोती धाडतो," मल्हारराव म्हणाला. "पण हा पडदा काढायचा. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. नाव सांगायचं, कशाला पाहिजे ते सांगायचं. खरा गरजू असंल तो सांगंल."

आता मात्र तिला राहवले नाही. "मालक, असं करू नगा. म्हातारी मानसं उपाशी निजतील, पर चारचौघांत तोंड उघडायची न्हाईत."

"भुकेल्याला कसली आलीय लाज?"

महाराज पारावर डोळे मिटून बसले होते. गिरजाबाईने आशेने त्यांच्याकडे पाहिले. महाराज म्हणाले, "होऊ दे, गिरजा. मल्हारराव, तुमच्या मनासारखे करा. फक्त माप तुमच्याच हाताने घाला." एवढे बोलून महाराजांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. ते प्रसन्न नव्हते, हे गिरजाबाईला कळले. मल्हाररावाला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मल्हारराव दोन्ही पोती सोडून, पायलीचे माप घेऊन देवळापुढे उभा राहिला. समोर रांग होती. डोक्यावरून पदर ओढलेल्या म्हाताऱ्या बाया, एकीमागे एक. आपलेच खरे ठरले म्हणून त्याला बरे वाटले.

"नाव सांग," तो पहिलीला म्हणाला.

"सगुणा. मल्हारीची आई."

मल्हाररावाने मान वर केली. पदराआडून त्याच्या आईचा चेहरा त्याच्याकडे पाहत होता. तोच हिरवा गोंदलेला ठिपका, तेच बसलेले गाल. त्याने डोळे चोळले. हाताने आपोआप माप घातले, ती टोपली झाकून पुढे गेली आणि दुसरी समोर आली.

"नाव?" त्याचा आवाज उतरला होता.

"सगुणा. मल्हारीची आई."

"कशाला पाहिजे?"

"दात गेले रे. भाकरी चावत न्हाई. दुपारच्याला थोडी अंबील करून पिईन म्हनते."

मल्हाररावाने माप खाली टेकवले. हे शब्द त्याने ऐकले होते. आपल्याच सोप्यात, गडीमाणसांसमोर ऐकले होते. आणि तेव्हा तो म्हणाला होता, "दोन वेळा ताट येतंय न्हवं पुढ्यात? मग मधी आणि काय?" गडी हसले होते. आई एकदा आली, पुन्हा एकदा आली. तिसऱ्यांदा आली नाही. तिची भूक मिटली असेल असे त्याला वाटले होते, की त्याने तो विचारच केला नव्हता? हेही त्याला आता आठवेना.

रांग सरेना. तिसरी आई, दहावी आई, तिसावी आई. त्याने नाव विचारणे सोडले, कारण विचारणे सोडले. नुसता माप भरत होता आणि रडत होता. पोत्यांचा तळ लागला तेव्हा त्याने वर पाहिले. अंगणात कोणीही नव्हते.

गिरजाबाई ओवरीच्या पायरीशी बसलेली होती. "कुनाला घालत हुता, मालक? सकाळधरनं एक मानूस आलं न्हाई. सगळ्यांनी दारं लावून घेतल्यात."

त्याने पायाशी पाहिले. जमिनीवर एक दाणाही सांडलेला नव्हता. तेवढ्यात गावातून दारे उघडल्याचे आवाज येऊ लागले. आंधळी राहीबाई उंबऱ्यात येऊन ओरडत होती, की तिच्या कोपऱ्यातली रिकामी टोपली ज्वारीने भरली आहे. ज्या घरात चूल पेटली नव्हती त्या प्रत्येक घरात हेच झाले होते.

मल्हाररावाचे त्या चमत्काराकडे लक्षच नव्हते. तो गिरजाबाईपुढे जाऊन बसला.

"आई इथं घालायला येत होती, का न्यायला?"

गिरजाबाईने पारावरच्या महाराजांकडे पाहिले. महाराजांनी होकाराची मान हलवली.

"न्यायला," ती म्हणाली. "मी दळून माझ्या चुलीवर अंबील करून द्यायची. बसून पिऊन जायच्या. म्हनायच्या, गिरजे, माझ्या मल्हारीला कळू देऊ नगंस. त्याला वाईट वाटंल."

"मी तुला चोर म्हटलं. तवा तरी बोलायचंस."

"त्यास्नी शब्द दिला हुता न्हवं."

मल्हाररावाने कमरेची किल्ली सोडून महाराजांच्या पायांवर ठेवली. मग म्हणाला, "महाराज, आईनं मला क्षमा केली असंल का?"

कनवाळू महाराज! एका शब्दाने ते त्याचे दुःख हलके करू शकले असते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते म्हणाले, "ते तिलाच विचारायला हवे होते, बाळ. घरात होती तेव्हा." मग त्यांनी किल्ली उचलून त्याच्या हातात परत दिली. "ही ठेव. कणगी तुलाच भरायची आहे. आता घरी जा आणि तिची टोपली घेऊन ये. रिकामी आण."

आईची टोपली माळ्यावर पडली होती, झाकायचे फडके आतच घडी घातलेले. मल्हारराव ती घेऊन आला. गिरजाबाईने पडदा पुन्हा सोडला होता. तो आत गेला, कणगीच्या तळाशी हात घातला आणि उरलीसुरली मूठभर ज्वारी घेतली. बाहेर आल्यावर घरापर्यंतची वाट त्याला सरता सरेना. कोणी काही विचारत नव्हते, तरी प्रत्येक दारापाशी त्याची मान खाली जात होती. या वाटेने आई रोज गेली होती, आणि ती भरली टोपली द्यायला निघाली आहे, असे सांगत तो गावभर मिरवला होता.

त्या दुपारी त्याने त्या ज्वारीची अंबील करवून घेतली. तो ती सोप्यात, गडीमाणसांसमोर बसून प्याला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मल्हारराव देवळात आला. गिरजाबाईला त्याने हात जोडले. मग ओवरीच्या दगडी उंबऱ्यावर, जिथे रोज आईची पावले पडली होती, तिथे त्याने डोके टेकले. उशिरा टेकलेले डोके लवकर उचलवत नाही. लोक आले, टोपल्या झाकून कडेने आत गेले, बाहेर आले. कोणी त्याला ऊठ म्हटले नाही, आणि महाराजांनीही म्हटले नाही.

त्यानंतर जगदाळ्यांच्या कोठीला कुलूप लागले नाही आणि बोरदऱ्याच्या कणगीचा तळ पुन्हा कोणाला दिसला नाही. मल्हारराव म्हातारा होईपर्यंत रोज ती जुनी टोपली झाकून पडद्याआड जात असे. सखाहरी महाराजांची ही कथा ऐकून उठताना ज्यांच्या घरी आई आहे त्यांनी आज तिला काय हवे ते विचारावे, आणि कशाला हवे ते विचारू नये.