मधमाश्यांसाठी राखलेला माळ

त्या राज्यात रिकामी जागा भरपूर होती आणि राहायला जागा नव्हती. नदीपासून टेकडीपर्यंतचा सगळा माळ मधमाश्यांसाठी राखून ठेवलेला होता. त्या येतील, पोळी बांधतील, घरोघरी काम देतील, असं पंचमंडळानं सात वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तेव्हापासून माळावर फक्त गवत वाढत होतं.

पंचमंडळात अकरा जण होते, सात कासवं आणि चार गोगलगायी. ज्याच्या पाठीवर स्वतःचं छप्पर आहे, त्यालाच घरांविषयी शांत डोक्यानं विचार करता येतो, असा तिथला नियम होता. डोकी खरंच शांत होती. बहुतेक वेळ ती आतच असत.

साळूच्या पाठीवर नुसते काटे होते आणि पोटात पिल्लं. आईच्या बिळात सहा जण एकमेकांचे काटे चुकवत झोपायचे. दोन भाऊ कंटाळून टेकडीपलीकडे गेले, ते परत आलेच नाहीत. साळूनं माळावर दोनदा बीळ खोदलं होतं. दोन्ही वेळा पंचांनी ते बुजवून वर गवत लावलं. त्या सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हा ती तडक सभेत जाऊन उभी राहिली.

"माळ राहायला द्या. आजच्या आज."

"पोरी, तुला भारी घाई," थोरलं कासव म्हणालं. अध्यक्ष तेच होतं.

"मला नाही, आजोबा. पोटातल्यांना आहे."

"आम्ही इथं घरं होऊ दिली आणि उद्या मधमाश्या दारात आल्या, म्हणजे?"

"सात वर्षांत एक तरी फिरकली का? त्यांना कुणी बोलावलंय तरी?"

"अगं, निरोप कधीच धाडलाय! त्यांचा नकार आल्याशिवाय जागा मोकळी धरता येत नाही."

निरोप नेणारी गोगलगाय पंचांपैकीच एक, सभेतच बसली होती. सात वर्षांत ती माळाच्या मध्यापर्यंत पोचली होती, आणि वाटेत सभा लागली म्हणून थांबली होती. तिनं प्रवासाचा अहवाल वाचला. प्रगती समाधानकारक होती. पंचांनी माना डोलावल्या.

"अजून सात वर्षं वाट पाहू," अध्यक्ष म्हणाले. "हरकत कुणाची?"

"माझी!" साळू ओरडली.

"पंचांपैकी विचारतोय मी."

इतक्यात आभाळ गडगडलं आणि लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. अकराच्या अकरा डोकी एकदम आत गेली.

साळू गारांचा मार खात उभी राहिली. समोर राखीव माळावर, मानाच्या क्रमानं, ओळीत अकरा घरं होती. दारं बंद. आत सगळे कोरडे.

तिनं ओळ एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग सगळ्यात मोठ्या घराशी गेली आणि त्याच्या कडेनं माती उकरू लागली. कळ आली की थांबायची, ओसरली की पुन्हा उकरायची. बघायला बाहेर एकही डोकं नव्हतं.

गारा थांबल्या तेव्हा दुपार कलली होती. एकेक दार उघडलं. थोरल्या कासवानं मान बाहेर काढली, घसा साफ केला.

"हं. कुठवर आलो होतो आपण?"

त्याच्या पोटाखालून, जमिनीच्या आतून, दोन बारीक आवाज आले.

अध्यक्षांनी एक पाय उचलला. खालची माती भुसभुशीत लागली. त्यांनी तो हळूच होता तिथं परत ठेवला आणि मग जागचे हलले नाहीत.